थायरॉईड काढल्यानंतरची गोळी: माझ्या वहीतून

माझी थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढली त्याला आता चार वर्षं झाली. दोन्ही बाजूंना गाठी होत्या आणि त्यातली एक श्वासनलिकेवर दाबत होती, त्यामुळे अर्धी ग्रंथी ठेवण्यात अर्थ नव्हता. ऑपरेशनची मला फार धास्ती होती, पण ते सुरळीत झालं. जड गेले ते त्यानंतरचे आठ-नऊ महिने. कारण एवढंच, की एक छोटी पांढरी गोळी कशी घ्यायची हे मला कुणी नीट बसवून सांगितलं नाही आणि मलाही ते विचारायचं सुचलं नाही. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय किंवा नुकतंच झालंय, त्यांचे तरी ते महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय. डोस किती हे तुमचे डॉक्टर ठरवतील. ठरलेला डोस पोटातून रक्तापर्यंत पूर्ण पोचावा यासाठी आपण काय करायचं, तेवढं मी सांगते.

आधी गोळीत काय असतं ते बघू. मी रसायनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसातले निम्मे तास वजनकाट्यासमोर जातात. माझा डोस १०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. एकदा न राहवून मी गोळी काट्यावर ठेवली, तर ती १०४ मिलिग्रॅम भरली. म्हणजे त्या गोळीत औषध जेमतेम हजारावा भाग, बाकी सगळा आकार देण्यापुरता भराव. वर्षभराच्या गोळ्यांमधलं नुसतं हॉर्मोन एकत्र केलं तर ३६.५ मिलिग्रॅम होईल, साधारण तांदळाच्या दीड दाण्याएवढं. एवढ्याशावर वर्षभर हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, पोट साफ होणं, डोकं चालणं हे सगळं उभं असतं. म्हणून तर या गोळ्या ७५, ८८, १००, ११२, १२५ अशा बारा-तेरा मायक्रोग्रॅमच्या पायऱ्यांनी मिळतात. रोज पाव गोळी शरीरात न पोचता वाया गेली तर शरीराला ते कळतं.

औषधाचं नाव लेव्होथायरॉक्सिन. थायरॉईड ग्रंथी जे थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, तयार करते, तेच रेणूच्या पातळीवर हुबेहूब. आपलं यकृत, मूत्रपिंड आणि इतर अवयव त्यातून लागेल तसं टी-३, म्हणजे पेशी प्रत्यक्ष वापरतात ते हॉर्मोन, बनवून घेतात. माझ्या मावशीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हे स्टेरॉइड तर नाही ना गं? सवय लागेल." नाही. शरीरात जे होतं आणि आता नाही, तेच आपण परत देतोय.

"आयुष्यभर गोळी" हे शब्द ऐकून मी डॉक्टरांसमोर रडले होते. नंतर मी थोडा इतिहास वाचला आणि मन शांत झालं. थिओडोर कोखर हे स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातले शल्यविशारद. थायरॉईडच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा हात इतका साफ, की १९०९ साली त्यांना थायरॉईडवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. पण १८८३ मध्ये त्यांनीच लिहून ठेवलं होतं, की ज्यांची ग्रंथी आपण पूर्ण काढली ती माणसं नंतर सुजट, मंद आणि थंड पडत गेली, आणि लहान मुलांची तर वाढच थांबली. ऑपरेशन यशस्वी, आणि नंतर द्यायला काहीच हाताशी नाही! १८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्लिश डॉक्टरांनी थायरॉईड मंदावलेल्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्या बाई त्यानंतर २८ वर्षं जगल्या. शुद्ध थायरॉक्सिनचे स्फटिक हाती आले १९१४ मध्ये, आणि ते प्रयोगशाळेत बनवता आलं १९२७ मध्ये. कोखर यांच्या त्या पहिल्या रुग्णांचा मी अजूनही विचार करते. त्यांना जे मिळालं नाही ते माझ्या उशाशी असतं.

पहिला आठवडा: कॅल्शियमकडे लक्ष

थायरॉईडच्या मागे पॅराथायरॉईड नावाच्या चार बारीक ग्रंथी चिकटलेल्या असतात. त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. सर्जन त्या जपतात, पण त्यांचा रक्तपुरवठा नाजूक असतो, आणि धक्का बसला की त्या काही दिवस, कधी काही आठवडे काम बंद ठेवतात. कॅल्शियम बहुधा ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसात सर्वांत खाली जातं. नेमकी तेव्हाच घरी जायची घाई असते.

मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओठांभोवती मुंग्या आल्या. आधी वाटलं, मास्क फार घट्ट होता. मग बोटांची टोकं बधिर झाली, उशीची शिवण बोटाला जाणवेना. तेव्हा नर्सला बोलावलं. रक्त तपासलं, कॅल्शियम कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत मुंग्या गेल्या. तुम्हाला असं काही वाटलं तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच सांगा. बोटं आपोआप वाकडी होऊन आखडायला लागली, पेटके आले किंवा घसा आवळल्यासारखा वाटला, तर थेट तातडीच्या विभागात जायचं. गळा सुजतोय किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तरीही तेच.

माझी चूक, सविस्तर

घरी जाताना मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं: थायरॉक्सिन १-०-०, कॅल्शियम १-०-१. मी कागद वाचला तसाच पाळला. सकाळी उठून एका हातावर दोन्ही गोळ्या, एक पेला पाणी, काम झालं. रोज, न चुकता. त्या शिस्तीचा मला अभिमान वाटायचा.

दोन महिन्यांनी रक्तातला टीएसएच (थायरॉईडचं हॉर्मोन कमी पडलं की हा आकडा वाढतो) १९ आला. तो साधारण ०.४ ते ४ असावा लागतो. मी दिवसभर गळून गेलेली असायचे, दुपारी स्वेटर घालून बसायचे, कातडी कोरडी पडलेली, आणि सहकाऱ्याचं नाव जिभेवर येऊनही उच्चारता यायचं नाही. डोस १०० वरून १२५ केला. सात आठवड्यांनी टीएसएच ९. कमी झाला, पण पुरेसा नाही. दरम्यान पॅराथायरॉईड सावरल्या होत्या, म्हणून कॅल्शियम हळूहळू कमी करून पाचव्या महिन्यात बंद झालं. त्याचा थायरॉईडच्या गोळीशी काही संबंध असेल हे माझ्या गावीही नव्हतं.

त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी एका सकाळी मी काट्यावर दोन मिलिग्रॅम पूड मोजत होते. चमच्याच्या टोकावरून पूड पडेना, आणि पडली तर ढीगच पडला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग लक्षात आलं की चमचा थरथरतोय. हात टेबलावर टेकवला तरी थरथर थांबेना. आदल्या काही रात्री झोप येत नव्हती, छातीत धडधड व्हायची, ती मी कामाच्या ताणावर ढकलली होती. रक्त तपासलं तर टीएसएच ०.०८. म्हणजे आता हॉर्मोन जास्त झालेलं.

या वेळी डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "सकाळी या गोळीबरोबर आणखी काय काय घेत होता?" मी सांगितलं आणि सगळं उलगडलं. कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि आतड्यातून आत जाऊ देत नाही. माझा मूळ १०० चा डोस बरोबरच होता, पण तो पूर्ण पोचत नव्हता. म्हणून तो वाढवला. कॅल्शियम बंद होताच वाढवलेला डोस पूर्ण पोचू लागला आणि डोईजड झाला. पुन्हा १०० वर आले, आठ आठवड्यांनी टीएसएच १.९. तेव्हापासून तो तिथेच आसपास आहे.

त्या कागदावर "दोन्हींमध्ये चार तास अंतर" एवढे शब्द असते तर! तुमच्या कागदावर नसतील तर तुम्ही स्वतः पेनाने लिहा.

चार तासांचं हे अंतर कॅल्शियमशिवाय लोहाच्या गोळ्यांना, खनिजं असलेल्या मल्टिव्हिटॅमिनला, ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेल्या ॲसिडिटीच्या औषधांना, आणि कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या कोलेस्टायरामिनलाही लागू आहे. ॲसिड कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वर्गातल्या गोळ्या रोज चालू असतील तर ते वेगळंच प्रकरण. तिथे अंतर ठेवून भागत नाही, कारण पोटातलं आम्लच कमी झालेलं असतं. त्या सुरू किंवा बंद झाल्या की डॉक्टरांना सांगायचं आणि टीएसएच बघायचा.

रोजची पद्धत

उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही. चहा, कॉफी, दूध हेसुद्धा "काही" मध्येच येतं. कॉफीने गोळीचं शोषण कमी होतं आणि दुधात कॅल्शियम असतं. मी पूर्ण एक तास थांबते. पहिल्या पंधरा दिवसांत हा तास फार लांब वाटतो. मग त्यात अंघोळ आणि आवराआवर बसते.

ज्यांना सकाळी हे जमत नाही त्यांच्यासाठी झोपतानाची वेळही चालते, शेवटच्या खाण्याला किमान तीन तास झालेले असले तर. वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना सांगून बदला आणि सहा-आठ आठवड्यांनी तपासा. एक दिवस सकाळी, एक दिवस रात्री असा खेळ मात्र नको.

आमची प्रयोगशाळा चोवीस तास चालते आणि मला महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी असते. सुरुवातीला मी सकाळी सहाचा गजर धरून बसले होते. रात्रपाळीत सहा वाजता पोटात काहीतरी असायचंच, आणि मी तशीच गोळी घ्यायचे. आता मी गोळी घड्याळाला बांधलेली नाही, उठण्याला बांधली आहे. झोप दुपारी दोनला संपली तर गोळी दोनला. थायरॉक्सिन शरीरात फार सावकाश खर्च होतं. निम्मं व्हायलाच त्याला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे काही तास इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही, भरल्या पोटी घेतल्याने बिघडतं. तुमचंही काम पाळ्यांचं असेल तर हे नीट लक्षात घ्या.

याच कारणाने एखादी गोळी राहिली म्हणून घाबरू नका. त्याच दिवशी आठवलं आणि पोट रिकामं असलं तर घ्यायची. मला डॉक्टरांनी राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशीच्या गोळीबरोबर घ्यायला परवानगी दिली आहे. पण माझं हृदय निरोगी आहे. हृदयविकार असलेल्यांनी किंवा वय जास्त असलेल्यांनी हे मनाने करू नये, आधी विचारून ठेवावं. राहिली की नाही हेच आठवत नसेल तर? मी स्ट्रिपच्या मागे पेनाने वार लिहिते. नवी स्ट्रिप सुरू केली की दोन मिनिटांचं काम. गोळ्या सोडवून डबीत भरत नाही, कारण या औषधाला दमटपणा, उजेड आणि उष्णता तिन्ही सोसत नाहीत. न्हाणीघरातलं कपाट आणि उन्हात उभी असलेली गाडी या दोन जागा सगळ्यात वाईट.

स्ट्रिप घेताना नावाइतकाच आकडा वाचा. २५ आणि १२५ पटकन एकसारखे दिसतात. काही ठिकाणी १०० मायक्रोग्रॅमऐवजी ०.१ मिलिग्रॅम छापलेलं असतं, दोन्ही एकच. कंपनी शक्यतो बदलू नये. बदलावीच लागली तर तारीख टिपून ठेवा आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करा.

टीएसएच वाचताना

टीएसएच थायरॉईडमधून येत नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. रक्तात हॉर्मोन कमी वाटलं की ती टीएसएच वाढवून हाका मारते. हाक ऐकणारी ग्रंथी आता गळ्यात नाही, हे तिला ठाऊक नसतं. तिच्या हाकेवरून आपण डोस ओळखतो: टीएसएच वर म्हणजे गोळी कमी पडतेय, फार खाली म्हणजे जास्त होतेय. पण तिला शांत व्हायला वेळ लागतो. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत केलेली तपासणी दिशाभूल करते. मी एकदा तीन आठवड्यांत धीर सोडून तपासून घेतलं, आणि त्या आकड्यामुळे महिनाभर उगाच काळजी करत बसले.

कुणाचा टीएसएच किती हवा हे ऑपरेशन कशासाठी झालं त्यावर ठरतं. माझ्या गाठी साध्या होत्या, म्हणून मला नेहमीच्या मर्यादेत राहायचं. कॅन्सरसाठी ग्रंथी काढली असेल तर टीएसएच अनेकदा मुद्दाम खाली ठेवतात, जोखीम जास्त असेल तर ०.१ च्याही खाली, कारण टीएसएचमुळे उरलेल्या पेशींना वाढीचा इशारा मिळतो. अशा माणसाच्या रिपोर्टवर आकड्यापुढे बाण दिसला तरी तो कदाचित डॉक्टरांना हवा तसाच असेल. त्यामुळे डोसची आणि रिपोर्टची आपसात तुलना करू नका. पूर्ण ग्रंथी काढल्यावर सुरुवातीचा अंदाज दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम असा धरतात. मी ६३ किलो, म्हणून १००. वृद्धांना आणि हृदयरोग्यांना कमी डोसपासून चढवत नेतात.

रक्त देण्याआधी त्या दिवशीची गोळी घेऊ नका, नंतर घ्या. गोळीनंतर काही तास रक्तातलं टी-४ तात्पुरतं वर जातं. आणि बायोटिन! हा धडा मला दुसऱ्या वर्षी मिळाला. केस गळतात म्हणून मी बायोटिन (एक ब-जीवनसत्त्व) असलेल्या केसांच्या गोळ्या सुरू केल्या. एके दिवशी टीएसएच जवळजवळ शून्य आणि टी-४ भलतंच जास्त आलं. मला तर कसलाच त्रास नव्हता, हात अगदी स्थिर. तपासणीच्या काही पद्धतींमध्ये रसायनं एकमेकांना जोडायला बायोटिनच वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन असलं की आकडे उलटेपालटे होतात. किमान दोन दिवस आधी बंद करायचं असतं, आणि डोस मोठा असेल तर त्याहून जास्त. मी बंद करून आठवड्याने पुन्हा रक्त दिलं, टीएसएच २.१. तो पहिला रिपोर्ट बघून कुणी डोस कमी केला असता तर मी पुन्हा स्वेटरमध्ये गेले असते.

डोस कधी बदलावा लागतो

वजनात मोठा फरक, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या सुरू होणं, फिट्सची काही औषधं (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन), क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन: यांपैकी काहीही सुरू किंवा बंद झालं तर टीएसएच बघायचा.

गर्भारपणाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. पहिल्या काही महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉईड काम करत नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर चालते. आईची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते, साधारण पाव ते निम्म्याने. ज्यांची ग्रंथीच नाही त्यांना ती वाढ फक्त गोळीतून मिळू शकते. म्हणून मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा, आणि दिवस राहिल्याचं कळलं त्याच दिवशी फोन करा. पहिल्या भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका, आणि "गरोदरपणात औषधं नकोत" असं कुणी प्रेमाने सांगितलं तरी ही गोळी बंद करू नका.

आकडा जागेवर येऊनही थकवा जात नसेल तर सगळं खापर थायरॉईडवर फोडू नका. माझ्या बाबतीत हिमोग्लोबिन कमी निघालं. (लोहाची गोळी मी दुपारी घेतली, हे सांगायला नकोच.) टी-३ ची वेगळी गोळीही असते. ती सरसकट देत नाहीत, आणि ती शरीरातून लवकर जाते, त्यामुळे तो निर्णय हॉर्मोनच्या तज्ज्ञांबरोबर बसूनच घ्यावा.

बरं वाटतंय म्हणून गोळी थांबवणारी माणसं मी रक्त द्यायला गेल्यावर रांगेत भेटलेली आहेत. ग्रंथी पूर्ण काढलेली असताना गोळी थांबवली तर आठवडाभर काहीच जाणवत नाही, आणि तीच फसगत आहे. साठा हळूहळू संपतो, काही आठवड्यांत शरीर मंदावत जातं. फार काळ गेला तर माणूस बेशुद्ध होऊन जिवावर बेतू शकतं.

म्हणून माझ्या पाकिटात एक कार्ड असतं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं: "थायरॉईड पूर्ण काढलेली आहे. लेव्होथायरॉक्सिन १०० मायक्रोग्रॅम रोज. बंद करू नये. कॅल्शियम व लोहापासून चार तास दूर." गेल्या वर्षी पित्ताशयाच्या ऑपरेशनला दाखल झाले तेव्हा ते भूलतज्ज्ञांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि ऑपरेशनच्या सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितली. स्ट्रिप कुठे असते ते घरात दोघांना माहीत आहे: उशाजवळच्या खणात, डाव्या बाजूला, पेनासकट.